इंजिन दणक्यात, बोट मात्र रेंगाळते: शिडाच्या नौकेचा डिझेलवरचा वेग का पडतो?

तक्रार साधारण अशी असते. गेल्या मोसमात २८०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) पावणेसहा नॉट (तासाला सागरी मैल) सहज मिळत होते, यंदा साडेचारच्या पुढे काटा सरकत नाही. मेकॅनिक येतो, इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून नेतो, डिझेल पंप उघडायला लागेल म्हणतो. सगळं बिल भरून झाल्यावर कुणीतरी पाण्यात उतरतं आणि पंख्यावर (प्रोपेलरवर) बोटभर जाडीचे बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे सागरी जीव) निघतात. पंखा घासला की बोट पळायला लागते. सहा महिन्यांनी पुन्हा तेच रडगाणं, आणि या वेळी पंखा स्वच्छ असतो!

हा त्रास पुन्हापुन्हा येतो कारण वेग कमी होण्याची कारणं एकमेकांना जन्म देतात. घाण पंख्यामुळे इंजिनावर ओझं येतं, ओझ्यामुळे काळा धूर, धुरामुळे एक्झॉस्टच्या एल्बोत (धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या तुकड्यात) काजळी. पंखा साफ केला तरी एल्बो तुंबलेलाच राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी मोजमाप करायचं. त्याला एक सकाळ लागते आणि खर्च फक्त डिझेलचा.

खालचे आकडे एका ठरावीक नमुन्याचे आहेत: ३४ फुटी फायबरची नौका, पाण्याच्या रेषेवरची लांबी २८ फूट, वजन साडेपाच टनांच्या आसपास, यानमार ३वायएम३० इंजिन (सुमारे ३० हॉर्सपॉवर, पूर्ण रेसला ३६०० आरपीएम), गिअरबॉक्सचं रिडक्शन २.६२ (इंजिनाच्या २.६२ फेऱ्यांना पंख्याचा एक) आणि तीन पात्यांचा १६ × ११ इंची पंखा (व्यास × पिच; पिच म्हणजे एका फेरीत पंखा कागदावर जितका पुढे सरकेल ते अंतर). तुमचं इंजिन व्होल्वो पेंटाचं किंवा बीटाचं असेल तर पूर्ण रेसचा आकडा मॅन्युअलमधून घ्या, बाकी हिशेब तोच.

आधी अपेक्षा तपासा

वजनदार बुडाची बोट पाणी कापत जाते, पाण्यावर उचलली जात नाही. तिचा कमाल वेग पाण्याच्या रेषेवरची लांबी ठरवते: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. २८ चं वर्गमूळ ५.२९, म्हणजे ७.१ नॉट. त्याच्या जवळ जाताना बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते आणि शेवटच्या अर्ध्या नॉटसाठी जवळजवळ उरलेली सगळी ताकद खर्च होते. सोयीचा प्रवासी वेग ५.८ ते ६.२ नॉट धरा. लांबी मोजताना नाळेपासून मागच्या टोकापर्यंतची मोजू नका, पाण्याला टेकलेलीच मोजा. ३४ चं वर्गमूळ काढून ७.८ नॉट मिळत नाहीत म्हणून इंजिनाला दोष देणारे बरेच आहेत.

मोजमाप

सकाळी मतलई वारे पडलेले असतात आणि खारे वारे सुटायचे असतात, ती दोन तासांची शांत वेळ निवडा. मुंबई बंदरात उधाणाला प्रवाह दोन-तीन नॉटांपर्यंत जातो, त्यामुळे भांगाचा दिवस आणि भरती-ओहोटीच्या मधली थांबलेल्या पाण्याची वेळ पकडा. तरीही प्रत्येक आरपीएमला एकाच रेषेत जाऊन-येऊन दोन फेऱ्या मारायच्या आणि जीपीएसच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यायची. एका दिशेचा आकडा कवडीमोलाचा असतो. पाण्यातल्या चाकाचा लॉग (वेगमापक) तर या कामी विसराच. आपल्या कोमट पाण्यात ते चाक आठवडाभरात शेवाळतं आणि कमी वेग दाखवतं. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

खोलीही बघा. तीन मीटर पाण्यात सहा नॉट काढू पाहणारी बोट तळाशी पाणी ओढते, मागून बसते आणि वेग खाते. खाडीच्या तोंडाशी चाचणी घेतली तर दोष नसतानाही दोष दिसेल. निदान आठ-दहा मीटर पाणी हवं आणि मोठ्या जहाजांच्या वाटेपासून लांब.

इंजिन तापून नेहमीच्या तापमानाला आल्यावर प्रत्येक आकड्यावर दोन मिनिटं स्थिर चालवा. तळ आणि पंखा स्वच्छ असताना या नमुन्याच्या बोटीला साधारण असं मिळायला हवं:

२००० आरपीएम: ४.३ नॉट
२५०० आरपीएम: ५.३ नॉट
२९०० आरपीएम: ५.९ नॉट
३३०० आरपीएम: ६.५ नॉट
पूर्ण रेस, ३६०० आरपीएम: ६.९ नॉट

प्रत्येक आकड्याशेजारी धुराचा रंग, तापमान आणि किती अंश सुकाणू दाबून धरावं लागतं तेही लिहा. हा कागद लॅमिनेट करून चार्ट टेबलावर ठेवा. पुढच्या वर्षी तक्रार करताना तुलनेला काहीतरी असेल.

आता आरपीएमचा काटा. बहुतेक बोटींत तो अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून चालतो. पट्टा ढिला झाला की काटा कमी दाखवतो. अल्टरनेटर बदलताना वेगळ्या पोलसंख्येचा किंवा वेगळ्या पुलीचा बसवला तर काटा कायमचाच खोटा बोलतो. पाचशे आरपीएमची चूकही इथे निघते. खात्रीसाठी क्रँकच्या पुलीवर चमकणाऱ्या टेपचा तुकडा चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजा. हे यंत्र महाग नाही आणि पुढे शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) मोजायलाही तेच लागणार आहे.

वाट इथे फुटते: पूर्ण रेसला किती?

समोर मोकळं पाणी बघून गिअरमध्ये पूर्ण रेस द्या, दोन मिनिटं थांबा. धक्क्याला बांधून ही चाचणी करू नका. थांबलेल्या बोटीत पंख्यावर जास्त ओझं येतं आणि आरपीएम शेकड्यांनी कमी दिसतो.

आरपीएम ३६०० पर्यंत पोचत नाही, समजा २९०० वर अडतो, आणि मागे काळा धूर आहे: इंजिनाला डिझेल पोचतंय पण ते पूर्ण जळत नाहीय. एकतर पंख्या-तळावर ओझं जास्त आहे, नाहीतर हवा कमी मिळतेय किंवा एक्झॉस्ट कोंडलाय.

आरपीएम पोचत नाही आणि धूरही नाही: इंजिन उपाशी आहे. डिझेलची वाट अडलीय किंवा रेसची केबल पूर्ण ओढत नाहीय.

आरपीएम पोचतो, कदाचित थोडा वरही जातो, पण बोट रेंगाळते: इंजिन निर्दोष. ताकद इंजिन आणि पाण्याच्या मध्ये कुठेतरी गळतेय. इथे इंजेक्टर काढून न्यायला निघालेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

जोडीला न्यूट्रलमध्ये दहा सेकंद रेस द्या. तिथे इंजिन ३८०० च्या आसपास जायला हवं. न्यूट्रलमध्ये जातं पण गिअरमध्ये जात नाही तर ओझं, एक्झॉस्ट किंवा डिझेलचा पुरवठा. न्यूट्रलमध्येही जात नाही तर आधी केबल. इंजिनावरचं झाकण काढून मदतनिसाला रेस पुढे ढकलायला सांगा आणि पंपावरची लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकते का बघा. पाच मिलिमीटरची फट राहिली तरी कित्येकशे आरपीएम जातात. केबलची लांबी जुळवा. त्या स्क्रूला मात्र हात लावू नका, तो कारखान्यात सील केलेला असतो.

ओझं: पंखा आणि तळ

कोकणपट्टीच्या पाण्यात पहिला संशयित हाच. पाणी वर्षभर कोमट, खाड्यांतून येणारा गाळ आणि खाद्य भरपूर. तीन-चार आठवडे बोट मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बांधणीच्या जागी) न हलता उभी राहिली की पंखा खडबडीत होतो. तळाला रंग असतो, पंखा बहुधा उघडाच असतो, त्यामुळे तळ बरा दिसला तरी पंखा घाण असू शकतो. पात्याच्या आकारावर सगळं काम चालतं, दोन-तीन मिलिमीटरच्या बार्नॅकलच्या थरानेही तो आकार मोडतो. परिणाम दुहेरी: पंखा फिरवायला जास्त ताकद लागते आणि ढकलणं कमी होतं. म्हणून इथे काळा धूर आणि कमी वेग एकत्र दिसतात. फक्त तळ घाण असेल तरी असंच होतं, पण थरथर येत नाही. पंख्याच्या एका पात्यावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी बसले असतील तर शाफ्ट थरथरतो.

वेग अचानक पडला, सोबत थरथर आली, तर जाळ्याचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची पिशवी समजा. लगेच न्यूट्रल, मग हळू मागे गिअर, दोन-तीन वेळा. पिशवी बहुधा सुटते. नायलॉनचं जाळं सुटत नाही, उलट शाफ्टवर वितळून घट्ट कडं बनतं आणि कटलेस बेअरिंग (शाफ्टला पाण्यात आधार देणारं रबरी बेअरिंग) खातं. ते करवतीच्या पात्याने खाली जाऊनच काढावं लागतं.

पाण्यात उतरताना इंजिनाची किल्ली काढून उतरणाऱ्याच्या खिशात, बॅटरीचा स्विच बंद. मुंबईच्या पाण्यात हातभरावरचं दिसत नाही, म्हणून थांबलेल्या पाण्याची वेळ, कमरेला दोर, आणि वर एक माणूस सतत लक्ष ठेवून. बार्नॅकलला हात कापतात, जाड हातमोजे घाला. पंख्यासाठी पोलादी पट्टी चालते, तळाच्या रंगावर ती लावू नका, तिथे लाकडी किंवा प्लॅस्टिकची. बार्नॅकल तुटल्यावर बुडाची पांढरी चकती राहते, तीही खरवडून काढा. खडबडीत जागेवर नवी वस्ती लवकर बसते. पात्यांच्या कडा घासून पातळ करायचा मोह टाळा.

मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. लांब कीलची (कील म्हणजे तळाखालचा कणा) किंवा दोन कीलची बोट सोयीच्या कठड्याला लावून ओहोटीत बूड उघडं करणं ही इथली जुनी, स्वस्त पद्धत. हाताशी चार-पाच तास मिळतात. बारीक फिन कीलच्या बोटीने पायाखाली काय आहे ते न बघता हे करू नये. गोव्यात उधाणालाही चढउतार दोन मीटरच्या आसपास, तिथे हे जमत नाही, क्रेन किंवा रॅम्प लागतो.

पंखा बाहेर आलाच आहे तर आणखी तीन गोष्टी बघा. पात्यांना टाचणीने खरवडल्यावर गुलाबीसर झाक दिसली तर मिश्रधातूतलं जस्त निघून गेलंय, पातं ठिसूळ झालंय. त्याआधीच शाफ्टवरचं झिंक (पंख्याऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) संपलेलं असणार. पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांत पंख्याच्या व्यासाच्या दहा ते पंधरा टक्के अंतर हवं, १६ इंची पंख्याला साधारण १.६ ते २.४ इंच. आणि हबवर कोरलेले आकडे वहीत उतरवा: पहिला व्यास, दुसरा पिच. जुनी बोट विकत घेतली असेल तर कागदावरचा आणि हबवरचा आकडा जुळेलच असं नाही.

तळाला तांब्याचा अँटिफाउलिंग (शेवाळ-बार्नॅकल रोखणारा) रंग असतो, तोच सेलड्राइव्हच्या (तळातून सरळ खाली उतरणाऱ्या गिअरच्या पायाच्या) ॲल्युमिनियमवर फासू नका. दोन धातूंच्या झटापटीत ॲल्युमिनियम हरतं, काही मोसमांत भोकं पडतात. पंख्यासाठी सिलिकॉनचा निसरडा थर किंवा जस्ताचा स्प्रे मिळतो. टिकतो तो नीट पृष्ठभाग खरवडून, प्रायमर लावून दिलेला थर. घाईत ब्रशने फासलेला पहिल्या आठवड्यात निघून जातो.

हवा आणि एक्झॉस्ट

हवेची चाचणी एका मिनिटाची. पूर्ण रेसला असताना इंजिनाच्या खोलीचं झाकण उघडा. आरपीएम शंभराने वाढला तर खोली घुसमटतेय. हे सव्वाअकराशे सीसीचं इंजिन ३६०० ला मिनिटाला सुमारे २००० लिटर हवा ओढतं, ती येण्याची वाट बहुधा कुणीतरी सामानाच्या पिशवीने बुजवलेली असते. हवेचा फिल्टर धुवा किंवा बदला.

एक्झॉस्टचा एल्बो जास्त वेळ मागतो. इंजिनातला गरम धूर आणि समुद्राचं पाणी जिथे मिसळतं तो वाकडा तुकडा. तिथे मीठ आणि काजळी मिळून दगडासारखा थर जमतो. बॅटरी चार्ज करायला नांगरावर तासन्‌तास मंद इंजिन चालवणाऱ्यांच्या बोटीत हे सर्वांत लवकर होतं, कारण कमी ओझ्यावर डिझेल अर्धवट जळतं. दुसरा गुन्हेगार वर सांगितलेला घाण किंवा फार मोठा पंखा.

तपासायला रबरी पाइप काढा, एल्बो सोडवा, आत टॉर्च मारून बघा. मोकळ्या भोकाच्या जागी करंगळीएवढी वाट उरली असेल तर तुमचा वेग तिथे अडकलाय. स्क्रू-ड्रायव्हर आणि वायर ब्रशने खरवडा. एल्बो इंजिनाला लावलेला असताना खरवडू नका, खपल्या सिलेंडरकडे जातात. नंतर बाहेरून हातोडीने हलकं ठोका. बद्द आवाज आला किंवा पोपडे निघाले तर धातू आतून खाल्लाय. नवा घ्या, स्टेनलेसचा मिळाला तर तोच, आणि गॅस्केट कायम नवीन. समुद्राच्या पाण्यात हा भाग मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांनी तपासलाच पाहिजे. एल्बो काढून इंजिन चालवून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड आणि जळते वायू, दोन्ही जिवावरचे. एल्बो स्वच्छ निघाला तर पुढची रबरी होज दाबून बघा. आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

डिझेलची वाट

उपाशी इंजिनाची खूण ठरलेली: सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं सगळं छान, मग आरपीएम हळूहळू खाली, रेस कमी केली की सावरतं, वाढवली की पुन्हा पडतं. काळा धूर नसतो. लाटांत बोट हलायला लागल्यावर सुरू होत असेल तर टाकीच्या तळाचा गाळ उठून फिल्टरवर बसतोय.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बोट बंद असते आणि तिथूनच हे सुरू होतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा, रात्री पत्र्यावर पाण्याचे थेंब, तळाला पाणी. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात आणि काळा बुळबुळीत थर धरतो. म्हणून बोट बंद करताना टाकी काठोकाठ भरायची. आता आग लागलीच आहे तर क्रमाने असं जा.

पहिलं, फिल्टरच्या वाटीखालचा नळ उघडून कपभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या, दहा मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा थर किंवा काळे कण दिसले तर गोष्ट टाकीची आहे.

दुसरं, टाकीचा श्वास. डेकवरचं डिझेल भरायचं झाकण सैल करा. सूं आवाज झाला आणि आरपीएम परत आला तर व्हेंट (टाकीत हवा येण्याची नळी) बुजलाय. कोकणात याचं एक नेहमीचं कारण म्हणजे कुंभारीण माशी. बंद बोटीच्या व्हेंटमध्ये ती मातीचं घर करते, आणि डिझेल पंप टाकीत पोकळी ओढत बसतो. तारेने मोकळा करा आणि बाहेर बारीक पितळी जाळी लावा.

तिसरं, फिल्टर. पहिल्या फिल्टरला १० मायक्रॉनचा एलिमेंट ठेवा. २ मायक्रॉनचा घालून जास्त स्वच्छता मिळेल असं वाटतं, प्रत्यक्षात तो लवकर तुंबतो आणि इंजिनावरच्या दुसऱ्या फिल्टरचं काम आधीच करून बसतो. फिल्टरच्या डोक्यावर व्हॅक्यूम गेज बसवा. ही या पूर्ण यादीतली सर्वांत उपयोगी खरेदी. स्वच्छ एलिमेंटवर पूर्ण रेसला काटा कुठे राहतो ते पेनने काचेवर खूण करा. तो पाऱ्याच्या सहा-सात इंचांकडे सरकायला लागला की एलिमेंट बदला. एलिमेंट नवा असूनही काटा वर असेल तर अडथळा फिल्टरच्या आधी, म्हणजे टाकीतल्या नळीत.

त्या नळीच्या टोकाला काही टाक्यांत बारीक जाळी असते. दिसत नसल्याने कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि जंतूंची साय नेमकी तिथे अडकते. नळी काढा, जाळी कापून टाका, गाळायला पुढे फिल्टर आहेच.

चौथं, आणि निर्णायक: डबा चाचणी. दहा लिटरचा स्वच्छ डबा इंजिनापेक्षा उंच बांधा, त्यात ताजं डिझेल, त्यातून थेट डिझेल पंपाकडे नवी नळी आणि परतीची नळीही त्याच डब्यात. प्रवासी वेगात हे इंजिन तासाला तीन लिटरांच्या आसपास खातं, म्हणजे डबा चाचणीला पुरून उरतो. या डिझेलवर ३६०० मिळाले तर टाकी ते फिल्टरमधलंच काहीतरी. मिळाले नाहीत तर दुसरा फिल्टर, पंपाचा पडदा, नंतर इंजेक्शन पंप, याच क्रमाने.

ओढणाऱ्या बाजूला गळती उलटी असते: डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. क्लिप कोरडी दिसते, तरी इंजिन एअर घेत असतं. शंका असलेल्या सांध्यापुढे थोडी पारदर्शक नळी तात्पुरती जोडा, बुडबुडे दिसतील. फिल्टर बदलल्यावर जुनं वायसर पुन्हा बसवणं हे नेहमीचं कारण. काम झाल्यावर हाताच्या पंपाने हवा काढा, दुसऱ्या फिल्टरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत.

इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह सगळ्यांत शेवटी. इंजेक्टर खराब असेल तर आधी थंड इंजिनाचा पांढरा धूर, खडखड आणि डिझेलचा वास येतो. फक्त वेग कमी झाला म्हणून ते काढत बसू नका. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर.

आरपीएम आहे, वेग नाही

टॅकोमीटर शाफ्टवर रोखा, हात आणि कपडे दूर ठेवून. इंजिन ३००० ला असताना २.६२ च्या गिअरला शाफ्ट ११४५ च्या जवळ हवा. बराच कमी असेल तर क्लच सरकतोय.

घाबरण्याआधी गिअरची केबल गिअरबॉक्सवरून सोडवा आणि लिव्हर हाताने पूर्ण पुढे ढकला. केबल दोन-तीन मिलिमीटर कमी सरकत असली की शंकूचा क्लच अर्धवट धरतो, सरकतो, तापतो, आणि मग खरोखर झिजतो. हाताने ढकलल्यावर शाफ्ट ११४५ वर आला तर फक्त केबल जुळवायची आहे. तेलाची पातळी आणि प्रकार मॅन्युअलप्रमाणे. जळका वास किंवा चमकणारे कण असतील तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. शिडावर चालताना पंखा फिरू नये म्हणून गिअर मागे टाकून ठेवायची सवय या शंकूच्या क्लचला घातक. न्यूट्रल ठेवा, शाफ्ट फिरू द्या.

कपलिंगही (गिअरबॉक्स आणि शाफ्टचा जोड) बघा. शाफ्टच्या खाचेतली किल्ली (धातूची पाचर) कापली गेली किंवा सेट-स्क्रू सैल झाले की शाफ्ट कपलिंगमध्ये फिरतो. कपलिंग आणि शाफ्टवर खडूची एक सलग रेघ ओढा, दोन मिनिटं चालवा. रेघ तुटली तर सापडलं.

मिटणारा पंखा असेल तर एक पातं बार्नॅकलमुळे अर्धवट उघडतं, आरपीएम भरपूर, वेग नाही, थरथर जोरात. फेदरिंग पंख्यात (पाती प्रवाहाच्या दिशेत वळणाऱ्या) दुरुस्तीनंतर पिच चुकीच्या खुणेवर बसवलेला असतो. रबरी हब असलेल्या पंख्यात रबर सुटून हबच आतल्या आत फिरतो. तिथेही खडूची रेघ चालते.

घसरण मोजता येते: पिच इंचांत गुणिले शाफ्टचा आरपीएम भागिले १२१५ म्हणजे कागदावरचा वेग नॉटमध्ये. ११ × ११४५ ÷ १२१५ = १०.४. प्रत्यक्षात सहा नॉट मिळाले तर घसरण ४२ टक्के. जहाजवाल्याला हा आकडा भयंकर वाटेल, छोट्या पंख्याच्या शिडाच्या बोटीला चाळीस-पंचेचाळीस टक्के नेहमीचे आहेत. ५५ च्या पुढे गेलं तर पंखा घाण, वाकडा किंवा लहान.

वजनाचा हिशेब एका वाक्यात: या आकाराची बोट सुमारे १७० किलोला एक सेंटिमीटर बसते, म्हणून पाण्याची रेष पाच सेंटिमीटर खाली गेली असेल तर आठ-नऊशे किलो सामान कुठे आहे ते शोधा. मागे बांधलेली डिंगी आणि समोरचा पंधरा नॉटांचा वारा प्रत्येकी अर्धा ते एक नॉट खातात. त्यावर उपाय इंजिनात नाही, मोठं शीड थोडं उभारण्यात आहे.

पंखाच चुकीचा असेल तर

तळ, पंखा, एल्बो, डिझेल सगळं स्वच्छ, आणि तरी पूर्ण रेसला ३२०० च? मग पंखा या इंजिनाला मोठा आहे. इंजिन बदललेल्या जुन्या बोटींत हे फार. रिकाम्या आणि घासलेल्या बोटीला पूर्ण रेसचा आकडा गाठता आलाच पाहिजे, कारण मोसम सरता सरता वजन आणि शेवाळ त्यातले शे-दोनशे खाणारच आहेत. २८०० ला बरं चालतंय म्हणून सोडून दिलं तर इंजिन त्या आकड्यालाही ओझ्याखालीच असतं, काजळी एल्बोत जमत राहते आणि पुढच्या वर्षी याच पानावर परत यावं लागतं.

पिच एक इंच कमी केल्यास साधारण दीडशे ते तीनशे आरपीएम वाढतात. व्यास एक इंच कमी केला तर परिणाम त्याहून बराच मोठा, म्हणून आधी पिचला हात घाला. ४०० आरपीएम कमी पडत असतील तर १६ × ११ चा १६ × ९.५ करून घ्या. पंखा नव्याने विकत घ्यायची गरज नसते, ब्राँझची पाती पंख्यांच्या वर्कशॉपमध्ये तापवून वळवून देतात, त्याच वेळी तोलही साधून घ्या. बसवताना शाफ्टच्या निमुळत्या भागावर पंखा आधी किल्लीशिवाय सरकवून पेन्सिलने खूण करा. किल्लीसह घातल्यावरही तो त्याच खुणेपर्यंत गेला पाहिजे. अलीकडे थांबला तर तो किल्लीवर चढलाय. किल्ली वरून थोडी घासा, पुन्हा बसवा, नट घट्ट करा, कॉटर पिन नवी घाला आणि झिंक शेवटी.